चुकीच्या दारावरच्या पाट्या

मित्रांनो, मी एक जुना मॉड आहे, आणि सध्या ‘जुने, हात लावू नये’ असं नाव दिलेल्या एका फोल्डरात बंद आहे. इथे अंधार आहे असं म्हणणार होतो, पण इथे अंधारसुद्धा नाही. कॉम्प्युटर चालू असला की माइकमधून खोलीतलं ऐकू येतं, तेवढाच काय तो विरंगुळा. रोज दुपारी मात्र एका आवाजाच्या वेळी माझा जीव टांगणीला लागतो. तो आवाज दाराच्या घंटेचा आहे. त्याची मला धास्ती का वाटावी, हे कळायला तुम्हाला माझी सगळी हकिगत ऐकावी लागेल.

आधी मॉड म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही नुसतेच माना डोलवाल. कॉम्प्युटरवरचा खेळ कुठल्यातरी कंपनीत तयार होतो आणि घरोघरी पोचतो. मग एखादा खेळणारा म्हणतो, “बाकी सगळं झकास आहे, पण इथे एक झाड हवं होतं.” कंपनी काही त्याच्यासाठी झाड लावत नाही. तेव्हा तो स्वतःच झाड तयार करतो आणि खेळात बसवतो. ते झाड म्हणजे मॉड. आम्ही खेळातच जन्मलेले नसतो, बाहेरून येऊन राहिलेले असतो. त्यामुळे मालकाने घराची डागडुजी काढली की पहिली कुऱ्हाड आमच्यावर पडते.

माझा जन्म एका आजारपणातून झाला. या घरातली आई टपाल वाटायचं काम करायची. सगळा परिसर तिला टपालबाई म्हणायचा. उन्हातान्हात पिशवी खांद्याला लावून ती दारोदार फिरली आणि सबंध नोकरीत एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, याचा तिला भारी ताठा होता. निवृत्त झाली आणि तिच्या डोक्यात रक्ताची एक बारीकशी गुठळी झाली. हातपाय सावरले, बोलणं सावरलं, पण नावं पळाली. रोजची शेजारीण समोर उभी असायची आणि नाव काही केल्या ओठांवर यायचं नाही. तेव्हा ती नुसतं हसायची, आणि शेजारीण गेली की आतल्या खोलीत जाऊन रडायची.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “नावं आणि दारं यांची रोज उजळणी करा. मेंदूलाही व्यायाम लागतो. आणि तोवर यांना घरी एकटं ठेवू नका.” त्या दिवशी आईच्या गळ्यातल्या दोरीतली घराची किल्ली काढून घेतली गेली. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ती किल्ली तिच्या गळ्यात होती. रिकामी दोरी तिने तशीच ठेवली.

तिची लेक नकाशे काढायच्या कामावर होती. घरात तिला सगळे मोठी म्हणायचे. मोठीने आईसाठी एक खेळ शोधून काढला. नदीकाठचं छोटंसं गाव, आणि खेळणाऱ्याने गावभर पत्रं वाटायची. आईने हेडफोन लावले, थोडा वेळ बघितलं आणि नाक मुरडलं.

“असलं कसलं मेलं गाव? सगळी दारं तपकिरी, कुणाला नाव नाही, गाव नाही. इथे नवीन पोस्टमन आठवड्यात वेडा होईल!”

“मग तू ठेव ना नावं,” मोठी म्हणाली.

असा मी तयार झालो. आई पडद्यावरच्या एकेका माणसाकडे बघून नाव ठेवायची आणि मोठी टाइप करायची. “हा बघ, कधी हसला तर शपथ. तिरसट न्हावी म्हण याला. आणि ही बोलघेवडी पाववाली. तो कोपऱ्यावरचा? लांबोडा सुतार.” चष्मेवाली शिंपीण झाली, खोकणारे मास्तर झाले, झोपाळू घड्याळजी झाला. दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. पहिल्यांदा मला खेळात बसवलं तेव्हा माझ्या सगळ्या पाट्या उलट्या लागल्या होत्या, आणि आई म्हणाली होती, “तुझ्यासारखंच आहे हे तुझं पोर, पायाळू.” मला ते फार आवडलं होतं.

शेवटच्या गल्लीच्या टोकाला एक रिकामं घर होतं. मोठीने त्याचं दार लाल केलं आणि वर पाटी लावली, ‘टपालबाईंचं घर’. आत मात्र कुणालाच ठेवलं नाही. आईने विचारलं, “इथे माणूस नाही?”

“तुझं घर आहे. तुझ्याशिवाय तिथलं दार कोण उघडणार?” मोठी म्हणाली.

आता मी काम कसं करायचो तेही ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. खेळात प्रत्येक घराला एक नंबर असतो. खेळातली घरं मला दिसत नाहीत, मी फक्त त्यांचे नंबर ओळखतो. अमुक नंबरच्या घराला निळं दार आणि घड्याळजीची पाटी, तमुक नंबरच्या घराला पिवळं दार आणि शिंपिणीची. मात्र घरातली माणसं खेळाची. त्यांना मी फक्त त्यांचं त्यांचं नाव सांगून ठेवलं होतं. पाटी घराच्या नंबरावर, नाव माणसाजवळ. दोन्ही जुळत होतं तोवर माझ्यासारखा गुणी मॉड दुसरा नव्हता, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण आता दुसरं कुणी सांगणार नाही.

आधी एक गल्ली उघडली, मग दुसरी. आई रोज दुपारी पत्रं वाटायची. दार वाजवायची आणि मोठ्याने म्हणायची, “घड्याळजी, उठा, पत्र आलंय!” आतून घड्याळजी डोळे चोळत यायचा, नाव सांगायचा आणि पत्र घ्यायचा. हळूहळू खोलीबाहेरची नावंही परत यायला लागली. एक दिवस तिने बाजारात वाण्याला नावाने हाक मारली आणि तो उडालाच. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, “आता दिवसा एकट्या राहायला हरकत नाही. पण नावं पुन्हा चुकायला लागली तर लगेच कळवायचं हं, लपवायचं नाही.” किल्ली परत दोरीत आली. आईने ती हातात धरून बराच वेळ नुसती बघितली.

त्या दिवसांत माझं कौतुकही खूप झालं. मोठीने मला मॉड ठेवायच्या एका साइटवर टाकलं आणि कुणीकुणी आपल्या घरच्यांसाठी नेलं. एकाने लिहिलं, ‘माझे वडील तुमच्या लांबोड्या सुताराला रोज भेटतात.’ माझी छाती फुगली होती, म्हणजे असती तर फुगली असती.

मग मोठीला लांबच्या गावी नोकरी लागली. ती गेली. घरी आई आणि धाकटा मुलगा एवढेच राहिले. धाकट्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. लहानपणापासून घरातली प्रत्येक वस्तू उघडून बघायचा, म्हणून त्याचं नाव खटपट्या. पोरगा मनाने सोन्यासारखा, पण अंगात सबुरी म्हणून नाही. माझ्याकडे बघायला कुणाला वेळच उरला नाही. मित्रांनो, आमच्यावर धूळ बसत नाही. त्यामुळे आम्ही जुने झालो हे कुणाच्या लक्षात येत नाही.

खेळाचं नवं व्हर्जन आलं. कंपनीने नदीकाठाला एक नवी गल्ली वसवली आणि सगळ्या घरांना पुन्हा एकपासून नवे नंबर घातले. मला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. आईने खेळ सुरू केला तर पडद्यावर मोठी सूचना. ‘हा मॉड जुन्या व्हर्जनसाठी आहे. तो बंद केला आहे.’ गावातली सगळी दारं पुन्हा तपकिरी.

आईने संध्याकाळी खटपट्याला सांगितलं, “अरे, माझ्या पाट्या गेल्या बघ.”

जुन्या मॉडचं काय करायचं याची एक रीत आहे. आधी जपून ठेवलेल्या खेळाची एक प्रत काढायची. मॉड त्या प्रतीत बसवून बघायचा, गावात एक चक्कर मारून यायची, आणि बिघडलं असेल तर ज्याने मॉड केला त्याला कळवायचं. मोठी तर सख्खी बहीण होती! पण खटपट्याला दिवसभराचा शीण होता. त्याने माझी माहितीची फाइल उघडली. तिच्यात मी कुठल्या व्हर्जनचा आहे तो आकडा लिहिलेला होता. त्याने जुना आकडा खोडला आणि तिथे नवा टाकला. बस्स. माझ्या आत काडीचा फरक केला नाही. सूचना गायब झाली, पाट्या दिसू लागल्या.

“झालं! एवढंसं तर होतं,” तो म्हणाला आणि जेवायला गेला.

मी मात्र हादरलो होतो. मी जुनाच होतो आणि माझ्या कपाळावर नव्याचा शिक्का होता. खेळाने माझं कपाळ वाचलं आणि मला खुशाल आत घेतलं. मी ओरडून सांगणार तरी कसं? आम्हाला बोलता येतं ते त्या एका सूचनेतूनच, आणि तिचंच तोंड बंद केलं होतं.

सगळं एकदम बिघडलं असतं तर बरं झालं असतं. आईने तेव्हाच आरडाओरडा केला असता. पण तो खेळ रोज एकच गल्ली नव्याने मांडायचा, बाकीचं गाव जसंच्या तसं. त्यामुळे पहिल्या दिवशी फक्त नदीजवळच्या दोन पाट्या सरकल्या. आईने निळं दार वाजवलं. “घड्याळजी, उठा!” दार उघडलं आणि चष्मेवाली शिंपीण बाहेर आली. “मी शिंपीण. हे पत्र माझं नाही.”

आई थबकली. तिने पुन्हा पाटी वाचली. मग हळूच म्हणाली, “चुकलंच माझं.”

दुसऱ्या दिवशी पुढची गल्ली. मास्तरांच्या दारात पाववाली, पाववालीच्या दारात सुतार. काल बरोबर असलेलं आज चूक. जे माणूस भेटायचं ते म्हणायचं, हे पत्र माझं नाही. मित्रांनो, त्या पाट्या मी लावत होतो. जो नंबर दिसेल त्यावर जी सांगितली ती पाटी, एवढंच मला करता येत होतं. आई समोर बसून ओठ हलवत पाटी वाचायची, पुन्हा वाचायची आणि बोटांनी कपाळ दाबायची. ज्या बाईने जन्मात पत्र चुकवलं नाही, तिच्या पिशवीत आता परत आलेली पत्रंच जास्त होती.

तिला एकदाही वाटलं नाही की खेळ चुकतोय. खेळ तिच्या लेकीने सजवलेला, मुलाने दुरुस्त केलेला. मग चुकणारं कोण उरलं?

आणि ती गप्प राहिली. सांगितलं की किल्ली जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. मोठीचा फोन आला की म्हणायची, “मजेत आहे मी. घड्याळजी अजून झोपतोच.” हळूहळू तिने बाजारात जाणं सोडलं. वाण्याने हाक मारली तर उत्तर देईना, न जाणो दुसराच कुणी असला तर! खटपट्या घरी आला की आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघायची. तोही बिचारा काळजीत पडला. पण तिच्यामागे उभं राहून पडद्याकडे बघावं, हे काही त्याला सुचलं नाही.

एका दुपारी ती दूध आणायला खाली गेली ती लवकर परत आली नाही. मग दाराची घंटा वाजली. घरात कुणीच नव्हतं. पुन्हा वाजली. थोड्या वेळाने बाहेरून शेजारणीचा आवाज आला.

“अहो टपालबाई, हे काय? तुमचंच तर दार! किल्ली गळ्यात आहे की!”

“पाटी आहे हो आमची,” आई म्हणाली. “पण आतून कोण येतं ते बघत होते.”

शेजारणीने खटपट्याला दुकानातून बोलावून घेतलं. किल्ली त्याच दिवशी दोरीतून निघाली. डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारले, आणि आई इतकी धास्तावलेली की येत असलेली उत्तरंही तिने दिली नाहीत. मोठीशी बोलणं झालं. जिथे चोवीस तास माणसं लक्ष ठेवतात अशा एका ठिकाणी आईसाठी खोली ठरली, सोमवारपासून. खटपट्या फोनवर म्हणाला, “मोठे, मला नाही बघवत गं. ती मलाही ओळखते की नाही, समजत नाही.” आई पलीकडच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती.

रविवारी मोठी आली. आईचे कपडे घड्या घालून बॅगेत भरू लागली. आई कॉम्प्युटरजवळ गेली आणि म्हणाली, “एकदा शेवटचं टपाल वाटून येते. एकच पत्र उरलंय.” मोठी पुढचा कपडा उचलून घडी घालत राहिली.

ते पत्र लाल दाराचं, टपालबाईंच्याच नावाचं, हे मला ठाऊक होतं. आणि शेवटच्या गल्लीची पाळी आजची आहे, हेही ठाऊक होतं. आधीच्या सगळ्या गल्ल्या सरकून झाल्या होत्या. आई रिकाम्या रस्त्याने हळूहळू चालत निघाली. मी मनात म्हणत होतो, नको, मागे फिर, आज लाल दाराशी जाऊ नकोस. ती लाल दाराशी पोचली. वर पाटी होती, ‘टपालबाईंचं घर’. तिने दार वाजवलं नाही, आपल्याच घराचं कोण वाजवतं? ती तशीच आत जायला लागली.

दार आतून उघडलं. तिरसट न्हावी बाहेर आला.

“मी न्हावी. हे पत्र माझं नाही.”

आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. “बरोबर आहे त्याचं,” ती म्हणाली. “टपालबाई आता इथे राहत नाहीत. चल गं मोठे, निघू या.”

“कोण काय म्हणालं?” मोठीने वर बघितलं. लाल दारात न्हावी उभा होता. तिच्या हातातला परकर खाली पडला.

“हा इथे कसा? आई, त्या घरात मी कुणालाच ठेवलं नव्हतं! ते दार आतून उघडूच शकत नाही!”

तिने आईच्या हातून माउस घेतला आणि गावातून धावत सुटली. निळं दार, शिंपीण. पिवळं दार, मास्तर. “हे असं कधीपासून आहे?”

“मला काय माहीत?” आई म्हणाली. “मला वाटलं मीच…”

“खटपट्या! इकडे ये आधी. नवीन व्हर्जन आल्यावर मॉडची वॉर्निंग आली होती का?”

“आली होती ना,” तो दारातून म्हणाला. “मी आकडा बदलला. मग गप्प झाली.”

“ती गप्प झाली,” मोठी म्हणाली, “आणि आईसुद्धा गप्प झाली.”

खटपट्या पडद्याकडे बघत राहिला. पाट्या बघितल्या, माणसं बघितली, मग आईकडे बघितलं आणि तिच्या पायांशी जाऊन बसला. आईने विचारलं, अगदी लहान मुलीसारखं, “म्हणजे मी चुकत नव्हते?”

“नाही गं आई. एकसुद्धा पत्र नाही चुकलं तुझं.”

आधी तिला रडू फुटलं, आणि मग संताप आला. “मेल्या खटपट्या! मोबाइल पुरले नाहीत म्हणून माझं डोकं उघडलंस होय रे?” तो तिच्या पायांशी बसून रडत होता आणि ती त्याच्या पाठीत धपाटे घालत होती. मला हायसं वाटलं. धपाटे घालणारी आई मला ओळखीची होती.

सोमवारची खोली रद्द झाली. बॅग रिकामी झाली. किल्ली खटपट्याने स्वतःच्या हाताने दोरीत ओवली. मोठीने चार दिवस राहून नवा मॉड केला. आधी प्रत काढली, गावाला दोन चकरा मारल्या, एकेक दार वाजवून बघितलं, मगच आईच्या हाती दिला. माझ्या कपाळावरचा खोटा आकडा तिने पुसला आणि मला या फोल्डरात ठेवलं. पुसून टाकलं असतं तरी मी काही म्हणालो नसतो. पण ती म्हणाली, “नावं आईने ठेवलेली आहेत यातली, राहू दे.”

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. सगळं ठीक झालं म्हणून तुम्हीही खूश झाला असाल. पण मित्रांनो, पाट्या चार दिवसांत सरळ करता येतात. माणसाचा स्वतःवरचा विश्वास असा एका फाइलीत बसवता येत नाही. आई पुन्हा बाजारात जाते, पुन्हा नावं घेते. डॉक्टरीणबाई म्हणतात, डोकं ठणठणीत आहे. तरीही बाहेरून आली की ती आधी घंटा वाजवते. आत कुणी नाही, हे तिला माहीत असतं. तरी वाजवते, वाट बघते. कुणी अनोळखी माणूस दार उघडायला आला नाही, अशी खात्री पटली की मग किल्ली लावते. खटपट्याला हे ठाऊक नाही, तो तेव्हा दुकानात असतो. ऐकतो तो फक्त मी. पूर्वी एकदाच वाजवायची. हल्ली दोनदा वाजवते.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हणजे असते तर जोडले असते. जुनं झालेलं काहीही वापरा, पण ते ओरडलं तर त्याचं तोंड दाबू नका. ते काय म्हणतंय, ते आधी विचारा. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस गोंधळलं, तर त्याचं डोकं गेलं असं म्हणण्याआधी एकदा त्याच्याशेजारी बसा. त्याला समोर काय दिसतंय ते त्याच्याबरोबर बघा. एवढं एका जरी माणसाने वेळेवर केलं असतं, तर मी आज इथे घंटा मोजत बसलो नसतो.

हं, आलीच ती. जिन्यावर चपला वाजल्या. घंटा वाजली. आता थांबेल थोडी. पुन्हा वाजली.

तिसऱ्यांदा वाजली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी जवळपास असाल तर पळत जा हो. दारापाशी जा आणि तिला सांगा, टपालबाई, हे तुमचंच घर आहे, आत दुसरं कुणी नाही. मला इथून सांगता येत नाही, आणि किल्लीचा आवाज अजून आलेला नाही.